पगार दिरहममध्ये, हिशोब मात्र परळमध्ये

"किती देतात?" मुलाच्या हातात परदेशातल्या नोकरीचं पत्र पडलं की घरातला पहिला प्रश्न हाच असतो. आकडा कळला की अब्बा मोबाईलवर गुणाकार करतात. 15,000 दिरहम गुणिले साडेचोवीस, म्हणजे महिन्याला 3 लाख 67 हजार. लोअर परळच्या ऑफिसात लाख-सव्वा लाख हातात येणाऱ्या मुलाला तिप्पट पगार! मग मामूंना फोन जातो, खालाला जातो, आणि दोन दिवसांत चाळीतल्या सगळ्यांना कळतं की पोरगा दुबईला निघाला. मुलाने अजून सही केलेली नसते. पण आता नाही म्हणायला त्याला तोंड राहत नाही.

हा गुणाकार चुकीचा नाही, पण अर्धा आहे. गेल्या वर्षभरात जे घडलं ते बघता हा अर्धा हिशोब आता महागात पडू शकतो.

काय घडलं? जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार लोकांना, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्क्यांना, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. आयटीतली नोकरी म्हणजे सरकारी नोकरीसारखी पक्की, असं समजणाऱ्या मुंबईकर घरांना तो मोठा धक्का होता. सप्टेंबरमध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या नव्या एच-1बी अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला. डिसेंबरमध्ये डॉलरने 90 रुपयांची रेषा ओलांडली. इथली नोकरी डळमळीत, अमेरिकेचं दार जड, आणि रुपया स्वस्त झाल्यामुळे बाहेरचा प्रत्येक पगार कागदावर आणखी मोठा दिसतोय. अशा वेळी आखाताकडे नजर जाणं साहजिकच आहे.

आपल्या घरांना आखात नवीन नाही. दापोली, खेड, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा इथल्या कोकणी मुसलमान घरांत एकतरी माणूस कुवेतला, सौदीला किंवा जहाजावर होता. एक गोष्ट आजच्या पोरांना सांगितली तर खरी वाटत नाही. एकेकाळी आखातातल्या अनेक भागांत चलनच आपला रुपया होता. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. कुवेतने 1961 मध्ये स्वतःचा दिनार आणला. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि उरलेल्यांनीही रुपया सोडला. तिथून पुढे "तिकडचा पैसा" आणि "इकडचा पैसा" हा फरक सुरू झाला आणि तो वाढतच गेला. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. त्यामुळे डॉलर वर गेला की दिरहमही आपोआप वर जातो.

पण चित्र बदलतंय. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2016-17 मध्ये भारतात येणाऱ्या पैशांपैकी जवळपास 47 टक्के आखाती देशांतून येत होते. 2023-24 मध्ये हे प्रमाण 38 टक्क्यांच्या आसपास आलं. एकटी अमेरिका 27.7 टक्के पाठवते, अमिरात 19.2 टक्के. आणि या पैशाचा सर्वात मोठा वाटा कुठल्या राज्यात येतो? केरळात नव्हे, महाराष्ट्रात. 20 टक्क्यांहून थोडा जास्त. म्हणजे मजूर, ड्रायव्हर, खलाशी यांच्या कमाईबरोबर आता इंजिनिअर, प्रोग्रॅमर, डेटावाले यांची कमाई येऊ लागली आहे. माणूस बदलला, पण घरातला हिशोब अजून खलाशाच्या जमान्यातलाच आहे.

खलाशाचा हिशोब सोपा होता. राहणं-खाणं मालकाचं, बायको-मुलं गावी, पगार जवळपास सगळा घरी. आजचा मुलगा तसा जात नाही. तो भाडं भरतो, बायकोला नेतो, मुलीला तिथल्या शाळेत घालतो. म्हणून पगाराचा आकडा तोच ठेवला तरी हातात उरणारी रक्कम वेगळी येते.

एक उदाहरण घेऊ. खर्चाचे आकडे मी अंदाजाने धरलेले आहेत, तुमच्या घरचे वेगळे असतील. पण मांडणी हीच ठेवा.

परळच्या एका जुन्या पागडीच्या खोलीत आई-वडिलांसोबत राहणारा मुलगा. बायको आणि चार वर्षांची मुलगी. लोअर परळला चालत जाता येईल अशी नोकरी, सीटीसी 18 लाख. हातात 18 लाख येत नाहीत हे आता सगळ्यांना माहीत आहे. बेसिक निम्मं धरलं, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी बाजूला काढली, स्वतःचा पीएफ आणि नव्या पद्धतीने आयकर वजा केला, की महिन्याला साधारण 1 लाख 18 हजार येतात. घरभाडं नाममात्र. घरखर्च, आई-वडिलांची औषधं, मुलीची शाळा मिळून 60 हजार जातात असं धरू. उरले 58 हजार. पण पीएफमध्ये त्याचे आणि कंपनीचे मिळून महिन्याला 18 हजार जमा होतायत, ते विसरायचे नाहीत. म्हणजे खरी बचत 76 हजार.

आता तो 15,000 दिरहमवर दुबईला कुटुंब घेऊन गेला. एका बेडरूमच्या घराचे 6,500, शाळेचे 2,000, किराणा 2,500, येण्या-जाण्याचे 1,500, वीज-पाणी-फोन 1,200, कुटुंबाचा व्हिसा आणि विमा महिन्यावर वाटून 500. झाले 14,200. वर्षातून एकदा तिघांची तिकिटं, महिन्याला 300. इथे परळला आई-वडील आहेतच, त्यांना 25 हजार रुपये पाठवायचे, म्हणजे 1,020 दिरहम. बेरीज 15,520. पगार 15,000! तिप्पट पगाराची बातमी चाळभर झाली आणि महिन्याला 520 दिरहम खिशातून जातायत. इथली 76 हजारांची बचत तर गेलीच.

"कुटुंब इथेच ठेवू, तो एकटा जाईल," असं अम्मी म्हणतील. बरं, तसा हिशोब करू. एका माणसाचं राहणं, खाणं, फिरणं मिळून 8,500. तो गेल्यावरही परळच्या घराला 50 हजार लागतील, म्हणजे 2,040 दिरहम. तिकिटांचे 200. उरले 4,260, म्हणजे 1 लाख 4 हजार रुपये. इथल्या बचतीपेक्षा 28 हजार जास्त. अमिरातीच्या कायद्यानुसार वर्षाला 30 दिवस रजा मिळते. तेव्हा महिन्याच्या 28 हजारांसाठी चार वर्षांच्या मुलीपासून वर्षातले अकरा महिने दूर राहायचं की नाही, हा प्रश्न आहे. काही घरांत याचं उत्तर हो असेल. डोक्यावर कर्ज असेल, बहिणीचं लग्न असेल, घर पडायला आलं असेल. पण निदान प्रश्न हा आहे हे बापाला आणि मुलाला, आणि मुख्य म्हणजे सुनेला, आधी कळलं पाहिजे. तिच्याशी कोणी बोलतच नाही, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

मग मागायचे किती? वरच्याच हिशोबाला उलटं करा. कुटुंबासह राहण्याचा खर्च, तिकिटं, आई-वडिलांचे पैसे आणि इथली आजची बचत, सगळं एकत्र केलं तर 18,600 दिरहमच्या आसपास येतं. म्हणजे साडेअठरा हजारांच्या वर गेल्याशिवाय या मुलाला पैशाच्या दृष्टीने काहीही फायदा नाही. 15,000 ला तो हो म्हणाला तर स्वतःच्या घरातून तिकडच्या कंपनीला अनुदान दिल्यासारखं आहे.

मुलाखतीत "सध्या किती घेता आणि किती अपेक्षा आहे?" असं विचारतात तेव्हा आपली मुलं एक ठरलेली चूक करतात. इथल्या पगाराचं दिरहममध्ये रूपांतर करतात, त्यात तीस-चाळीस टक्के वाढवतात आणि तो आकडा सांगतात. परळमध्ये पागडीच्या घरात राहून केलेल्या कामाच्या पगाराचा दुबईच्या भाड्याशी काय संबंध? आकडा तिथल्या कामाच्या दरावर आणि तिथल्या खर्चावर सांगायचा. पासपोर्ट बघून पगार ठरतो ही तक्रार आखातात जुनी आहे, आणि आपण स्वतःच रुपयांत विचार करत राहिलो तर त्या पद्धतीला आपलाच हातभार लागतो. मात्र सध्याचा पगार खोटा सांगू नये. एक तर कंपन्या पगाराच्या पावत्या मागतात. दुसरं म्हणजे, रोजीची सुरुवात खोट्याने कशाला करायची? "माझी अपेक्षा इतकी आहे, कारण या कामाला तिथे इतका खर्च आणि इतका दर आहे" हे शांतपणे सांगता येतं.

एकूण आकड्याइतकाच त्याचा फोडलेला हिशोब महत्त्वाचा आहे. अमिरातीत पीएफ नाही. नोकरी सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी, आणि ती फक्त बेसिकवर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचं बेसिक, त्यानंतर 30 दिवसांचं. 15,000 मध्ये बेसिक 5,000 आणि बाकी भत्ते असतील तर वर्षाला 3,500 जमतील. बेसिक 9,000 असेल तर 6,300. नोकरी गेल्यास मिळणारा बेकारी विमाही बेसिकच्या 60 टक्क्यांवर, तोसुद्धा जास्तीत जास्त तीन महिने आणि आधी बारा महिने हप्ते भरले असतील तरच. गंमत म्हणजे, इथल्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं बेसिक कमी ठेवून हाच खेळ केला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये वेतनाचा हा भाग निम्म्यापेक्षा खाली दाखवता येत नाही. इथे कायद्याने जे मिळतंय ते तिकडे सही करण्याआधी मागून घ्यावं लागतं.

शिवाय व्हिसा आणि भरतीचा खर्च कंपनीने करायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही, असा तिथला 2021 चा कायदा सांगतो. तरीही "व्हिसाचे पैसे पहिल्या दोन पगारांतून कापू" असं बोलणारे भेटतातच. जे ठरलं ते सगळं पत्रात हवं: विमा कोणाकोणाचा, तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी, प्रोबेशन किती (सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही), मुलीच्या शाळेला काही मदत आहे का. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. कुरआनातली सर्वात मोठी आयत, सूरह बकरहमधली, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. आपण ती दरवर्षी तरावीहमध्ये ऐकतो आणि नोकरीचा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर करतो.

इथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. दहावी नापास मजूर आखातात जातो तेव्हा त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो आणि त्याचा करार सरकारी यंत्रणेच्या नजरेखालून जातो. शिकलेल्या मुलाचा पासपोर्ट ईसीएनआर असतो, म्हणजे त्याला ती मंजुरी लागत नाही. याचाच दुसरा अर्थ, इंजिनिअरचा करार कोणीही तपासत नाही. शिकलेला आहे, स्वतः बघेल, असं सरकारने गृहीत धरलंय.

आणि सगळेच बघत नाहीत. सप्टेंबर 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला आयटी येणाऱ्या तरुणांसाठी खास इशारा द्यावा लागला. थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची भरपूर पगाराची नोकरी म्हणून नेलेल्या मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये मयावडी भागात नेऊन लोकांना फसवणाऱ्या कॉल सेंटरमध्ये बसवलं जात होतं. नंतर कंबोडिया आणि लाओसमधूनही अशीच प्रकरणं आली. या सगळ्यांत एक खूण सारखी होती: कामाच्या मानाने पगार फार मोठा आणि मुलाखत फार सोपी. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतात आणि त्याची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते. त्याहून जास्त मागणाऱ्याला तिथेच सलाम करा आणि घरी या.

आखात सोडून दुसरीकडे बघितलं तर हिशोबाचे खाने बदलतात. ब्रिटनमध्ये जुलै 2025 पासून कुशल कामगाराच्या व्हिसासाठी किमान पगार वर्षाला 41,700 पौंड झाला, त्यामुळे ऑफर साहजिकच मोठी दिसते. पण आरोग्य अधिभार प्रत्येक मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड, मुलाला 776, आणि तो पूर्ण व्हिसाचा आगाऊ भरायचा. नवरा, बायको आणि दोन मुलं, पाच वर्षं: 18,110 पौंड. पौंड 120 रुपयांचा धरला तर पावणेबावीस लाख रुपये, विमानात बसण्याआधी! हे कोण भरणार, हा प्रश्न पगाराच्या आधी विचारा. काही कंपन्या भरतात. विचारलं नाही तर मात्र कोणी आपणहून देत नाही.

जर्मनीचं उलट आहे. कर आणि सामाजिक विमा कापून एकट्या माणसाच्या हातात साठ-पासष्ट टक्केच येतात, म्हणून तो पगार आपल्याकडे कोणाला आवडत नाही. पण सरकारी शाळेला फी नाही, मुलामागे दरमहा सरकारी भत्ता आहे, म्हातारपणाची पेन्शन जमते, आणि ब्लू कार्डवर जाणाऱ्याला 27 महिन्यांत, भाषा बी-1 पातळीची आली तर 21 महिन्यांत, कायम राहण्याचा परवाना मिळू शकतो. आयटीसाठी 2026 ची किमान मर्यादा सुमारे 45,934 युरो आहे. दुबईत दहा वर्षं राहूनही नोकरी गेली की काही महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. म्हणून मी तर म्हणेन, मुलं लहान असतील तर कमी हातात येणारा युरोसुद्धा एकदा मांडून बघावा.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. एक लाख डॉलरची अट मुख्यतः देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांना आहे. तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना ती लागत नाही असं ऑक्टोबर 2025 मध्ये तिथल्या सरकारने स्पष्ट केलं. पण त्यावर विसंबून घर गहाण ठेवून व्याजाचं कर्ज काढायचं का, याचा विचार दहा वेळा करावा. व्याजाचा शरीयतचा प्रश्न बाजूला ठेवला, आणि तो बाजूला ठेवण्यासारखा नाही, तरी लॉटरीत नाव आलं नाही तर डॉलरच्या शिक्षणाचं कर्ज रुपयांच्या पगारातून फेडावं लागतं.

निघण्याची तारीख हासुद्धा पगाराचाच भाग आहे. नोकरीसाठी बाहेर जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर अनिवासी ठरतो आणि तिकडच्या पगारावर इथे कर लागत नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी निघालेला यात बसतो. डिसेंबरमध्ये निघालेला बसत नाही, आणि त्याचा मार्चपर्यंतचा "करमुक्त" दुबई पगार इथे करपात्र होतो. एजंट हे सांगत नाही, कारण त्याला तुमची खुर्ची लवकर भरायची असते. बाकी, तिकडे जमा झालेल्या बचतीवर वर्ष पूर्ण झालं आणि ती निसाबच्या वर असली की अडीच टक्के जकात आहेच. तिकडे आयकर नाही म्हणजे काहीच द्यायचं नाही असं नव्हे.

आता परळच्या खोलीकडे परत येऊ. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या पट्ट्यात जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे. आजोबांच्या नावावरची पागडी, अब्बांच्या नावावर अजून झालेली नाही, आणि बिल्डरचा माणूस 51 टक्के संमतीसाठी दार वाजवतोय. अशा वेळी घरातला एकुलता एक कागद समजणारा मुलगा दुबईत असतो. मध्य मुंबईतली ही खोली उद्या जे घर होईल, त्याची किंमत मुलाच्या कित्येक वर्षांच्या बचतीपेक्षा मोठी असू शकते. मुसलमानाला या शहरात भाड्याने घर मिळायला किती चपला झिजवाव्या लागतात हे वाचकांना सांगायला नको. मिळालेलं, हक्काचं घर गाफीलपणामुळे जाऊ देऊ नका.

म्हणून निघण्याआधी पागडीची पावती वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज करा, भाड्याच्या जुन्या पावत्या, वीजबिल, रेशनकार्ड यांच्या प्रती काढा. बिल्डरशी बोलणी आणि सह्या यासाठी कोणाला अधिकार द्यायचा हे ठरवून मुखत्यारपत्र इथेच नोंदवून जा. तिकडे गेल्यावर ते करायचं झालं तर वकिलातीत जाऊन साक्षांकित करावं लागतं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. त्या एका कागदासाठी दुबईतल्या रजेचे दोन दिवस आणि परळच्या अब्बांचे चार हेलपाटे जातात.